पायओळख

आमच्या साडूंना सगळे ‘नमस्कारे’ म्हणतात. ते त्यांचं आडनाव नव्हे. जिन्यात, फाटकाशी, दुकानाच्या रांगेत, जो समोर येईल त्याला हात जोडायची त्यांची सवय. त्यावरून कोणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. घर दाखवायला आलेल्या दलालाला नमस्कार, कुरिअरवाल्याला नमस्कार, एकदा तर कापडाच्या दुकानातल्या कोट घातलेल्या पुतळ्यालाही नमस्कार. लोक म्हणत, काय नम्र माणूस आहे. माझ्या मेव्हणीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं मत निराळं. ती म्हणे, “सगळ्या जगाला नमस्कार, फक्त मला नाही. कारण मी खोकते.”

हा खोकण्याचा विनोद आम्हा चौघांपलीकडे गेला नव्हता, कारण त्यामागची गोष्टच फक्त आम्हा चौघांना माहीत होती: ते, ती, मी आणि माझी बायको. नमस्कारेंना चेहरे ओळखता येत नाहीत. नजर चांगली आहे. नाक दिसतं, डोळे दिसतात, गालावरचा तीळही दिसतो. पण ते सगळं मिळून हा अमुक माणूस, असं त्यांच्या डोक्यात जुळतच नाही. मान वळवली की पाटी कोरी. जन्मापासून असंच. न्हाव्याच्या दुकानात शिरताना एकदा ते समोरच्या माणसाला वाट द्यायला बाजूला सरकले, तर तोही त्याच बाजूला सरकला. आरसा होता. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी हसलो, तेही हसले, पण त्यांचा हात बराच वेळ खुर्चीची कड धरून होता.

शाळेत मास्तरांनी ‘रस्त्यात ओळख दाखवत नाही, माजलाय’ म्हणून चोपलं, तेव्हा त्यांनी तोडगा काढला. सगळ्यांनाच नमस्कार करायचा. ओळखीचा असला तर काम झालं, नसला तर काय बिघडलं? लोकांना तो स्वभाव वाटला. ती भीती होती. आयुष्यभर हसऱ्या तोंडाखाली त्यांनी ती बाळगली. ‘ओळखलंत का?’ असं कोणी लाडानं विचारलं की ते आधी त्याच्या पायांकडे बघत.

माणसं ते चालीवरून ओळखत, बायकोला खोकल्यावरूनही. पाऊल कसं पडतं, खांदे कसे हलतात, वळताना आधी मान वळते की कंबर. आपण ‘तोंडओळख’ म्हणतो. ते म्हणत, “आमची आपली पायओळख.” मी जिना चढायला लागलो की वरूनच आवाज येई, “या भाऊ.” आमच्या चौघांच्या संसारात हे इतकं मुरलं होतं की मला त्यात काही विशेष वाटेनासं झालं होतं.

कारखान्यात होते तोवर प्रत्येकाच्या छातीवर नंबर असे, त्यामुळे निभावलं. तो बंद पडल्यावर त्यांना एका कलादालनात काम मिळालं. दालनात खुर्चीवर बसायचं, कोणी चित्राला हात लावू नये एवढं बघायचं. चित्रांनी ‘ओळखलंत का’ विचारण्याचा प्रश्न नव्हता. ते तिथे सुखी होते.

मग ते मुखवट्यांचं प्रदर्शन लागलं.

पहिल्या आठवड्यात ते मला मुद्दाम घेऊन गेले. सगळे फोटो चेहरे झाकलेल्या माणसांचे. एका घरातली सगळी माणसं जेवायच्या टेबलाशी, आणि सगळ्यांना घरातल्या म्हाताऱ्याचा मुखवटा. एक माणूस स्वतःच्याच तरुणपणीच्या फोटोचा मुखवटा लावून बसलेला. आतल्या अंधाऱ्या खोलीत एक व्हिडिओ अखंड चालू. त्यात बायका एकेक करून लांबून चालत येत, अगदी समोर उभ्या राहत, घरातून निघाल्या त्या दिवसाबद्दल चार वाक्यं बोलत आणि निघून जात. सगळ्यांना लगद्याचा एकच गुळगुळीत चेहरा, सगळ्यांचा आवाज यंत्रानं बदललेला, सगळ्यांना एकसारखा करडा अंगरखा. या घर सोडून लपून राहणाऱ्या खऱ्या बायका होत्या. फिल्म करणाऱ्या बाईंनी त्यांना शब्द दिला होता की जन्मदात्री आईसुद्धा तुम्हाला ओळखणार नाही. आणि दालनात शिरणाऱ्या प्रत्येकाला दारातल्या टोपलीतून तोच चेहरा, पण कागदाचा, उचलून लावावा लागे. जाताना परत टाकायचा.

मला तिथे गुदमरायला झालं. जिकडे बघावं तिकडे तेच तोंड, आणि त्यातून कोणाचे तरी डोळे. नमस्कारे मात्र खुशीत होते. मुखवटे लावलेल्या नवराबायकोंची चुकामूक होई, लोक परक्याच्याच खांद्यावर हात ठेवत, दचकत, माफी मागत. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “भाऊ, आता कळलं का, मी रोज कुठे राहतो ते?”

घोटाळा झाला तो या खुशीतूनच.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक बाई तिच्या आईबरोबर भाड्यानं राहत होती. कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानात रफू करायची, म्हणून आम्ही तिला रफूवाली म्हणत असू. कमी बोले. आईला मोतीबिंदूमुळे जवळजवळ दिसत नव्हतं. एका संध्याकाळी रफूवाली जिना चढत होती आणि मी नमस्कारेंच्या दारात उभा होतो. त्यांनी हात जोडले आणि शेजाऱ्यानं लग्नातला फोटो छान आलाय म्हणावं तसं म्हणाले, “काल तुम्हाला पडद्यावर बघितलं. छान बोललात.”

तिच्या हातातली पिशवी सुटली. त्यातले कांदे एकेक पायरी उतरत खाली गेले. ती ते उचलायला वाकली नाही. तिनं आधी वर बघितलं, मग खाली, मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

आता मला समजतं की तशी चूक दुसऱ्या कोणाकडून झालीच नसती. मुखवटा लावला की माणूस लपतो, हे आपल्याला बाळपणापासून ठाऊक. नमस्कारेंच्या लेखी चेहरा आधीच झाकलेला. मुखवटा त्यांना टोपीसारखा वाटला होता. उजवा खांदा जरा पुढे काढून, अरुंद दारातून जावं तशी ती चालते, आणि पडद्यावरही तशीच चालत आली होती. त्यात लपवण्यासारखं काय होतं, हे त्यांना कळलंच नव्हतं. तिचा रंग उडालेला त्यांना दिसला की नाही कोण जाणे. पण श्वास ऐकू आला, आणि मग त्यांचेही हात जोडलेलेच राहिले.

थोड्या वेळानं ती त्यांच्या घरी आली. दार लावून घ्या म्हणाली. मी उठायला लागलो तर म्हणाली, बसा, तुम्हीही ऐकलंच आहे. नवऱ्याला सोडून ती आली होती. त्यानं तिला याआधी एकदा शोधून काढलं होतं. त्या वेळचं तिनं काही सांगितलं नाही, फक्त डावं मनगट उताणं करून दाखवलं. ते पूर्ण वळत नव्हतं. आणि आता कोणीतरी एक माणूस तिचा फोटो घेऊन कपडे धुण्याच्या दुकानांतून विचारत फिरतोय, असं तिच्या मालकाच्या कानावर आलं होतं. फिल्मची बातमी पेपरात छापून आली होती. तो तिथे येणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

माझी मेव्हणी म्हणाली, तो तुकडा काढून टाकायला सांगू या. रफूवालीनं मान हलवली. “नाही काकू. मी आयुष्यात तेवढंच मोठ्यानं बोललेय. ते राहू दे.”

मग तिनं पर्समधून एक फोटो काढला. लग्नातला, जुना. शेजारचा तिचा भाग कापलेला. तिनं तो नमस्कारेंच्या हातात दिला. “काका, तुम्ही मला मुखवट्यातून ओळखलंत. तुमच्यासारखी नजर कोणाची नसेल. हा आला तर फक्त मला कळवा. तो घरापर्यंत पोचायच्या आत मी आईला घेऊन निघेन.”

नमस्कारेंनी फोटो दोन्ही हातांत धरला, नीट पाहिला आणि म्हणाले, “हो. लक्षात ठेवतो.”

ती गेल्यावर आधी मेव्हणीच बोलली, नेहमीच्या टोमण्याच्या सुरात. “मी रात्री खोकले नाही तर मी कोण म्हणून विचाराल. आणि हा लक्षात ठेवणार?”

दुसऱ्या दिवशी ते फोटो खिशात घालून कामावर गेले, आणि त्यांच्या आग्रहावरून मीही गेलो. ते मधूनमधून बाथरूममध्ये जाऊन फोटो बघून येत, आणि बाहेर येईपर्यंत तो चेहरा डोक्यातून पुसला गेलेला असे. मी म्हटलं, मी दारात बसतो, मुखवटा लावायच्या आत प्रत्येकाला बघतो. पण जुन्या फोटोतला तो कोवळा, मिशीवाला मुलगा आज कसा दिसत असेल? पोट सुटलं असेल, टक्कल पडलं असेल, मिशी काढली असेल. मला प्रत्येक जण तोच वाटायला लागला. एकाच्या मागे मी चहाच्या टपरीपर्यंत गेलो. तो नळदुरुस्तीवाला निघाला आणि मलाच विचारू लागला, काका, काही काम होतं का? चेहरे ओळखता येतात असं समजणाऱ्या माझीही ही गत. आत गेलो तर मुखवटे लावलेली माणसं बाकांवर रांगेनं बसलेली, सगळ्यांची तोंडं पडद्याच्या उजेडात एकसारखी पांढरी, आणि नमस्कारे कोपऱ्यात खुर्चीवर ताठ. त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

घरी परतताना ते रस्त्यातच थांबले. म्हणाले, “मी तिला खोटं सांगितलं. ती माझ्या भरवशावर झोपेल.”

आम्ही तसेच वर गेलो. रफूवालीनं साखळी लावूनच दार उघडलं, आम्हाला बघून आत घेतलं. लहानशी खोली, खिडकीशी रफूच्या कपड्यांचा ढीग, दिवा त्याच्यावर वाकवलेला. आई आतल्या स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसली होती. नमस्कारेंनी फोटो टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. चौघांच्या बाहेर ते पहिल्यांदाच बोलत होते. शब्द मागेपुढे होत होते.

तिला आधी वाटलं, हे घाबरून अंग काढून घेताहेत. ती म्हणाली, ठीक आहे काका, तुमच्यावर जबरदस्ती नाही. मग ते म्हणाले, “तसं नाही. मी तुम्हालाही कधी ओळखलं नाही. तुमच्या चालण्याला ओळखलं. मला सांगा, तो चालतो कसा?”

ती सांगायला लागली. जोरात चालतो. म्हणजे तसा जोरात नाही. पाय आपटतो, पण नेहमी नाही. शब्द पुरेनात. ती चिडली, डोळ्यांत पाणी आलं. नमस्कारे म्हणाले, जमलं तर दाखवा.

तिनं चपला घातल्या. बाहेरच्या दारापर्यंत गेली, वळली आणि चालू लागली.

मी पुष्कळ नकला बघितल्या आहेत. ही नक्कल नव्हती. तिचे खांदे खाली उतरले, मान आत गेली, हात अंगापासून सुटे झाले. टाच आधी पडायची, मग सगळं पाऊल, सावकाश, अजिबात घाई नसल्यासारखं. खोलीच्या मध्यावर येऊन ती थांबली. तसं थांबणं मी कधी पाहिलं नाही. आत कोण आहे याचा कानोसा घेतल्यासारखं. आणि मग डावा पाय झटकन पुढे. त्या किडकिडीत बाईच्या अंगावर तो माणूस मुखवट्यासारखा चढला होता. मी नकळत खुर्ची मागे ओढली.

आत ताट पडल्याचा आवाज झाला. मग स्वयंपाकघराचं दार धाडकन लागलं आणि आतून कडी सरकली.

रफूवाली भानावर आली. दाराशी धावली, ती तिच्या स्वतःच्या चालीनं. “आई, मी आहे. आई, तो नाही गं, मीच चालत होते.” आतून काही आवाज नाही. ती दारावर हात फिरवत तेच तेच बोलत होती. नमस्कारे म्हणाले, “बोलू नका. चाला.” मग ती त्या चार हात जागेत येरझाऱ्या घालत राहिली, खांदा पुढे काढून, हलक्या पावलानं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. म्हातारी दारात उभी होती आणि तिच्या हातात विळी होती.

निघताना नमस्कारे जिन्यात मला म्हणाले, “आता मी त्याला कधीच विसरणार नाही. ही शिक्षा झाली भाऊ.”

तो आला तेव्हा मी आतल्या बाकावर होतो. दुपारची वेळ, तोंडावर तो कागद, घाम डोळ्यांत जात होता. माझ्या मागच्या बाजूनं पावलं आली. टाच, मग पाऊल. दाराच्या चौकटीत थांबली. मी पडद्याकडेच बघत राहिलो. मग डावा पाय झटकन आत पडला. मी डोळ्यांच्या कडेनं नमस्कारेंकडे बघितलं. त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून कपाळाला लावला. ही आमची खूण होती. मी उठलो. बाहेर येऊन तिच्या दुकानात फोन लावला, आणि ती फोनवर येताच ठरल्याप्रमाणे इतकंच म्हणालो, “कपडे तयार झालेत.” पलीकडे फोन ठेवला गेला. माझं काम संपलं होतं, पण साडूंना एकटं सोडून निघवेना. पुन्हा आत गेलो.

तो पुढच्या बाकावर बसला होता. सांगायचं ते एवढंच की ती पडद्यावर आली, खांदा पुढे काढून चालत आली, समोर उभी राहून बोलली आणि गेली, आणि तो हललाही नाही. पुढची बाई आली, ती रफूवालीहून ठेंगणी, चालण्यात काही साम्य नाही. तर तो उठून पडद्याशी गेला आणि तिला बघत राहिला. एवढी वर्षं एका घरात राहून त्यानं तिचं चालणं पाहिलंच नव्हतं.

मग तो नमस्कारेंपाशी आला आणि त्यांच्या अगदी पुढ्यात उभा राहून मुखवटा वर सरकवला. साधा चेहरा. रस्त्यात दिसला तर मी पत्ता विचारला असता. खिशातून फोटो काढला, मोबाइलचा दिवा त्यावर धरला. “काका, तुम्ही रोज इथेच असता. ही बाई यात आहे का? इकडे कधी आली होती?”

मला आमचे साडू माहीत आहेत. त्यांना खोटं बोलता येत नाही, जीभ अडखळते, कान लाल होतात.

नमस्कारेंनी फोटो हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला. रोज जिन्यात भेटणाऱ्या त्या बाईचा चेहरा ते बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. उमटण्यासारखं नव्हतंच. कोणी परकी बाई.

“मला चेहरे ओळखता येत नाहीत हो,” ते म्हणाले. “जन्मापासून.”

तो त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. दिव्याचा झोत फोटोवरून उचलून त्यानं त्यांच्या तोंडावर धरला. मला वाटलं, आता हात उगारतो. मग तो हसला. “मग बरोबर जागी बसवलंय तुम्हाला.” आणि फोटो घेऊन निघाला. दाराशी थांबला, कानोसा घेतला, गेला. मुखवटा टोपलीत न टाकताच गेला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा वरची खोली मोकळी होती. माझी मेव्हणी मायलेकींना बसस्टँडवर सोडून आली होती. कुठल्या बसमध्ये बसल्या ते तिनं बघितलं नव्हतं, मुद्दाम. निघताना रफूवालीनं तिला एकच प्रश्न विचारला होता: काकांना विचारा, चाल बदलता येते का? मेव्हणीनं तिथेच परस्पर सांगून टाकलं होतं, येते, एका पायाची चप्पल जरा जड घे, महिन्याभरात अंगवळणी पडतं. हे तिच्या मनचंच होतं. नमस्कारे ऐकून म्हणाले, बरोबर सांगितलंस.

त्याला आता बरीच वर्षं झाली. हे लिहू का, म्हणून मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, लिहा, फक्त माझ्या चेहऱ्याचं वर्णन करू नका, मला पडताळता येणार नाही. लिहिण्याची मला सवय नाही. नीट उतरलं असेल की नाही, सांगता येत नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली.

ते दालन त्यांनी सोडलं. बाहेर कमी पडतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “भाऊ, त्यानं माझ्या तोंडावर दिवा धरून बघितलंय. तो मला कुठेही ओळखेल. मी त्याला ओळखेन तो चालला तर. उभा असेल तर?”

म्हणून बसथांब्यावर त्यांच्याबरोबर उभं राहणं मला नको वाटतं. तिथे सगळेच उभे असतात. ते एकेकाकडे वळून हात जोडतात, नमस्कार, नमस्कार, आणि मग कोणीतरी एक पाऊल टाकेपर्यंत श्वास धरून त्याच्या पायांकडे बघतात. परवा एक बाई आमच्या शेजारून गेली. एक पाय जड चप्पल असल्यासारखा जरा ओढत, दोन्ही खांदे सरळ ठेवून. त्यांनी तिलाही नमस्कार केला. तिनं केला की नाही मी बघितलं नाही, तिचा चेहराही नाही, मुद्दाम. त्यांना विचारलं, कोण होती? ते म्हणाले, माहीत नाही, आणि कधी नव्हे ते एवढं बोलून त्यांचे जोडलेले हात सैल पडले.